पंचविसावं

ग्रिम्सबीत, गोदीच्या अलीकडे,
मासे गोठवणाऱ्या कंपनीच्या वरच्या मजल्यावर
तीन दिवस मी एकच निळा पडदा बघते आहे.
टक्के चढतात, बासष्टवर थांबतात.
चहा करून येते, तरी बासष्टच.

सोमवारी फजिती झाली.
एका संगणकाचा साचा काढून बाकीच्यांत ओतला
आणि आधी त्याची ओळख पुसायची राहिली.
चोवीस टेबलं, चोवीस संगणक,
सर्व्हर म्हणे: एक.
सगळ्यांनी एकच नाव सांगितल्यावर
त्याने तरी काय करावं?
रात्री अकरापर्यंत मी बारशी करत बसले.

मंगळवारी मोजणी लागली. चोवीस.
तरी प्रत्येक पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात
तीच फिकट अक्षरं: सक्रिय करा, सक्रिय करा.
नियमच असा, की पंचवीस जणांनी मागितल्याशिवाय
हा सर्व्हर एकालाही परवाना देत नाही.
हिशेबखात्यातल्या शोनाला वाटलं, मी थापा मारतेय.
तिला पंगत कशी समजावू?
चोवीस पानं मांडलेली, मीठ-लिंबू वाढलेलं,
भाताची मूद निवत चाललेली,
आणि वरणाची बादली दारातच अडलेली.
मग कुणीतरी ओरडतं, अहो, एक पान रिकामं आहे,
या की कुणीतरी.

तशी मी खाली उतरले, कुणीतरी शोधायला.

आवाराच्या टोकाला वजनकाट्याची खोली.
माझ्या यादीत ती नव्हतीच.
"ब्रेंडा," क्लाइव्ह म्हणाला.
वृंदा त्याच्या जिभेवर चार वर्षांत बसली नाही;
मीही आता ब्रेंडाला ओ देते.
टेबलाखाली काळा डबा, पंख्यावर मिठाची साय,
कडेच्या चिठ्ठीवर पाच-पाचांचे पाच गट,
गुडघा घासून घासून पुसलेले.
वाचता आलं ते एक क्यू आणि एक सात.

"चालतंय हे. चालत्याला कशाला हात लावतेस?"
सांगणार होते, की याला दुरुस्त्या येणं कधीच बंद झालंय,
रात्री दार सताड टाकून झोपल्यासारखं आहे हे.
तोंडातून आलं भलतंच:
"मला एक माणूस कमी पडतोय."
यंत्र म्हणायचं होतं.

तो काट्याकडे बघत राहिला.
हॅडॉकची लॉरी चढली, आकडा हलला, स्थिरावला.
आकडा त्याने आधी वहीत लिहिला, मग संगणकात.
"बरं. पण बोट तेवढी ठेव."

पडद्यावर त्याच्या वडिलांची बोट होती,
गंजकी, एका कुशीवर कललेली,
डेकवर चार माणसं, चौथ्याचं डोकं फोटोबाहेर.
ती आधी उतरवून घेतली.
मग अकरा वर्षांची वजनं.
कपाटातली जादा मेमरी घातली, नवी डिस्क घातली,
आणि क्लाइव्हच्या खुर्चीत बसून
पुन्हा बासष्टची वाट पाहिली.
पत्त्यांच्या डावातले त्याचे गुण मात्र आले नाहीत.
हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी मोजणी: पंचवीस.
घंटा वगैरे काही वाजली नाही.
ज्याला मिळालं नाही तो दर दोन तासांनी
आपलं आपण पुन्हा विचारतो,
तशी वरची अक्षरं जमेल तशी गेली.
शोनाची सर्वांत शेवटी, ती घरी गेल्यावर.
रिकाम्या खुर्चीसमोर नुसता स्वच्छ कोपरा.

परवाना एकशे ऐंशी दिवसांचा.
मधे मधे विचारत राहायचं, मी आहे, मी आहे;
महिनाभर जो बोलला नाही, तो मोजणीतून गळतो.
क्लाइव्ह मार्चमध्ये निवृत्त होतोय.
त्या खोलीचं काय करायचं, कुणी ठरवलेलं नाही.
मी यादीत शेवटची ओळ वाढवली: वजनकाटा.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
बंद करू नये.