पाणी खंय पावला

पहिल्या दिवशी सिस्टर एदुविनानं
नियम सांगितले नाहीत, देवाचंही काही नाही.
माझी बोटं हातात घेतली. म्हणाली, गार आहेत.
आधी चोळ. म्हाताऱ्या कातडीला
गार हात चोरासारखा लागतो.
एवढंच माझं ट्रेनिंग.

वेंगुर्ल्यात बंदराकडे उतरताना सुरूंच्या मागे
हे कौलारू घर. एकोणीस खाटा.
दाराशी मरियेचा पुतळा, खाऱ्या वाऱ्यानं
नाक झिजलेला. गळ्यात अबोलीचा वळेसार,
तो द्वारकाबाई खोबरेकर घालतात, काठी टेकत जाऊन.
'आमचो देव घराक राखणेक ठेवलंय,
हंय हिच्या दारात जेवतंय,
उपाशी गळ्यान कशी बघू तिका?'

रात्रपाळी नऊ ते सहा.
दर दोन तासांनी कुशी बदलायच्या.
चार नंबरला पाठीला पावडर, अकराला डायपर,
हुसेनबींची कवळी वाटीत,
पाण्यात एकटीच हसत असते.
त्यांची फजरची वेळ झाली की पलंग
भिंतीपासून जरा तिरका करायचा.
फरशीवर खडूची खूण आहे. सिस्टरनंच केलेली.

सात नंबर पास्कूमामा.
बेचाळीस वर्षं होडीवर.
मुलगी नाताळात केक घेऊन येते,
तिला विचारतो, बाय, तू कोणाची गो?
पण रोज रात्री मला,
'पाणी खंय पावला?'

सुरुवातीला मी काहीही सांगायचे.
भरली मामा, पुरी भरती. झोपा आता.
एकदा अकरा वाजता डोळे न उघडता म्हणाला,
'आज षष्ठी. आता सुकती आसा. फटी मारतंस.'
त्यानंच मग शिकवलं:
तिथीची पाऊणपट कर, भरतीचा तास निघतो.
मी मास्तरणीची पोर, पाढ्यांत कच्ची,
औषधांच्या ट्रेवर खडूनं पाऊणकी मांडायचे,
आणि तरी खिडकी उघडून
खात्री करून यायचे.

घरी माझी आई एकटी.
तिच्या पायांना तेल शेजारीण लावते.
याचा हिशोब कुठल्या पाढ्यात बसतो
ते मला कोणी सांगितलेलं नाही.

अष्टमीच्या रात्री सिस्टर
अकरा नंबरला घेऊन सावंतवाडीला गेली होती.
फादर सकाळी यायचे होते.
साडेतीनला मामाचा श्वास बदलला.
पाणी विचारलं नाही त्यानं.
म्हणाला, 'माळ.'

माळ मी कधी हातात धरली नव्हती.
चार वर्षं फक्त ऐकलेली,
संध्याकाळी चादरींच्या घड्या घालताना,
कुणाची नखं कापताना.
पण तोंडाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.
नमो मारिये, म्हटलं. पुढे गेले.
तिसऱ्या ओळीला चुकले.
उशीवरून त्यानं दुरुस्त केलं.
मुलीचं नाव हरवलेला माणूस,
जाळ्याची गाठ चुकलेल्या पोरावर
खेकसावं तसा.
पुन्हा म्हटलं. पुन्हा तिथंच चुकले.
पुन्हा त्यानं बोट उचललं.
पाचव्या मण्याला मी चुकले
आणि कोणी काही बोललं नाही.

थांबले.
मग मुद्दाम चुकले.

आमच्याकडे म्हणतात,
म्हातारं माणूस सुकतीबरोबर जातं.
मी खिडकी उघडली.
पाणी खडपाला लागलं होतं, अजून चढत होतं.

अंग पुसायचं होतं.
हात आधी चोळले.

पाच वाजून गेल्यावर रजिस्टर काढलं.
खाट सात. पास्कोल आल्मेडा. चार बावन्न.
शेरा म्हणून एक रकाना असतो,
तिथं आम्ही ताप, जुलाब, पडले असं लिहितो.
मी लिहिलं, पाणी खडपापर्यंत, भरतं.

दुपारी सिस्टर परतली.
चष्मा लावून पान वाचलं, सही केली.
खोडलं नाही.