धन टोक जमिनीला

ब्रिटोंच्या गाडीचे तीन नकाशे मिळाले आजवर.
पहिला पुण्याहून, झेरॉक्सची झेरॉक्स,
हॉर्न आणि वायपर त्यात एकाच काळ्या डागात बुडालेले.
दुसरा डाव्या बाजूच्या स्टिअरिंगचा,
आरशात धरून वाचावा असा.
तिसरा सुबक, रंगीत, चौपदरी घडीचा,
फक्त दोन वर्षांनंतरच्या गाडीचा.
दोन वर्षांनी असा काय फरक पडतो, ब्रिटो म्हणाले.
मी म्हटलं, थोरल्याची चप्पल धाकट्याला घालून बघा.

माझं दुकान वेंगुर्ल्यात, बंदराच्या रस्त्याला.
रिक्षांचे हॉर्न, ट्रॉलरचे दिवे, पंपाच्या जळक्या मोटारी.
तिथे ही लाल, बुटकी, दोन माणसांची,
एकसष्ट सालची,
सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या
आणि सगळा संसार उलटा:
धन टोक जमिनीला.
पहिल्या दिवशी सवयीने जोडायला गेलो,
हात मधेच थांबला.
कुणीतरी मनगट धरावं तसा.

नकाशा म्हणतो, हिरवी वायर, तिच्यावर जांभळी रेघ.
खाली वाकून बघतो तर
सगळ्या वायरी सुक्या मोरीच्या रंगाच्या.
खाऱ्या वाऱ्याने रंग खाल्ले,
वरचं सुती वेष्टण उंदरांनी.

उताणा पडून, तोंडात टॉर्च धरून
चाचपत होतो डॅशबोर्डच्या मागे,
तर बोटाला गाठ लागली.
तंगुसाची. बारीक, घट्ट.
शेजारच्या वायरीला दोन.
तिच्या पलीकडे तीन.
टेस्ट लॅम्प लावला.
एक गाठ: हॉर्न.
दोन: मागचा लाल दिवा.
तीन: ब्रेक.

ब्रिटो म्हणाले, अरे, ह्यो दाजी गिरप!
जाळी शिवायचो, दिवे पण करायचो,
बिलार अंगठो उठवायचो.

मग मी नकाशे गुंडाळून ठेवले.
पतपेढीच्या कॅलेंडरचा ऑगस्ट फाडला,
पाठीमागे पेन्सिलने काढत गेलो,
गाठीमागून गाठ, चार रात्री.
पाच गाठींची वायर सीटखालून मागे जाते
आणि तिथे कापलेली.
तुटलेली नव्हे. ब्लेडने, साफ.
ही खंय जायची? मी विचारलं.
ब्रिटो बोनेट पुसत राहिले,
आधीच पुसलेलं.
कागदावर त्या टोकाशी मी लिहिलं,
माहीत नाही.
तीन छापील नकाशांत हे कुठेच नव्हतं.

आता नव्या वायरी घातल्यात,
रंग अगदी पुस्तकातले. दहा वर्षं टिकतील,
इथल्या हवेत आठ.
म्हणून गिरपांच्या नातवाकडे गेलो
तंगूस मागायला.
त्याने गाठ दोनदा करून दाखवली,
जाळ्यावरची नजर न काढता.
माझी अजून सुटते.