रव्याचा रंग

राजारामपुरी, आठवी गल्ली, तळघरातली लॅब.
कुकरच्या तीन शिट्ट्या.
वरच्या मजल्यावर वाटत असेल, डाळ शिजतेय.
मी काचेवरचं फुफ्फुस उकडतेय;
मिटून बसलेली प्रथिनं त्याशिवाय तोंड उघडत नाहीत.

ब्लॉक नंबर चारशे बारा.
शिवगोंडा मगदूम, वय अठ्ठावन्न,
शिरोलीच्या फौंड्रीत तीस वर्षं मोल्डर.
सुई घातली तेव्हा म्हणे हूं की चूं नाही.
त्याचा कण मेणात, मेणाचा पापुद्रा काचेवर,
त्यावर अँटीबॉडी, त्यावर रंग,
मग घड्याळ लावून पाच मिनिटं.

तपकिरी येत गेलं.
निळ्या केंद्रकांत आधी एक, मग झुबका,
मग पार कडेपर्यंत.

माझे वडील शाहूपुरीत गुळाच्या सौद्याला असायचे.
रव्यावरचं फडकं बाजूला सारून
अंगठ्याच्या नखानं टवका काढायचे,
उजेडाला धरायचे
आणि म्हणायचे, हा आषाढ काढील.
किंवा काहीच न बोलता पुढच्या रव्याकडे वळायचे.
गुऱ्हाळवाल्याला तेवढ्यावर कळायचं.

मी पाचशे पेशी मोजते.
रंगलेल्या तीनशे चाळीस.
दुसऱ्या कोपऱ्यातून पुन्हा : तीनशे पंचवीस.
तीन टक्क्यांनी कुणाचं काही बदलत नाही,
तरी तिसऱ्यांदा मोजते.
'प्रथिनाची अभिव्यक्ती : तीव्र' असं लिहायचं असतं.
अभिव्यक्ती.
शाळेत हा शब्द फक्त कवितेच्या तासाला यायचा.

खिडकीपाशी त्याची बायको,
पावती घड्या घालून घालून मऊ झालेली.
"रिपोट काय म्हंतुय वो?"
उद्या मॅडम सही करतील, मग मिळेल.
"ते हाय. पर तुम्ही बघितलासा न्हवं?"

बघितलं.
पुस्तकात एक आलेख असतो, दोन रेषांचा.
एक जिना दमानं उतरते, दुसरी धाडधाड.
कुठल्या परमुलखातल्या चारशे माणसांचा तो जिना,
त्यात शिरोलीचं कुणी नाही.
आणि त्या दुसऱ्या रेषेच्याही शेपटाला
एक बारीक उभी खूण असते, म्हणजे
शेवटचं पाहिलं तेव्हा हा होता.
पुढचं माहीत नाही.

वडिलांचंही एकदा चुकलं होतं.
कुणी न उचललेला काळपट रवा
घरी आणून माळ्यावर टाकला, विसरले.
दिवाळीला काढला तर खडखडीत कोरडा.
आईनं त्याच्यावर बत्ता घातला तो आवाज
अजून कानात आहे.
वडील तेवढा वेळ बाहेर जाऊन उभे राहिले.

हे तिला कसं सांगायचं.
बसा म्हटलं, तर म्हणाली,
"नगं. त्यास्नी रिक्षात ठेवलंय वर,
जिना उतरवंना."

तिच्या मागून मी वर गेले, उगीचच.
रिक्षाच्या दांडीला धरून
शिवगोंडा मगदूम बोलत होता,
खोकत, थांबत, पुन्हा बोलत.
साचा ओला राहिला की लोखंड कसं उसळतं
ते हातवारे करून
रिक्षावाल्याला सांगत होता.