माया

ल्यूबेकमध्ये, ट्रावे नदीकाठच्या एका घरात
जिना दुरुस्त करताना
पायरीखालच्या पोकळीत सापडली ही चोळी.
थंडी अडवायला बोळा करून कोंबलेली,
चारशे वर्षं.

उजवी बाजू आहे, पाठ आहे, अर्धी बाही.
बाकीचं उंदरांनी नेलं
आणि काळ्या रंगाने.
मायफळ आणि लोखंडाचा काळा;
ज्या लोकरीवर चढतो तिलाच आतून खातो.
श्रीमंतांचे काळे पोशाख म्हणूनच चित्रांत राहिले,
पेट्यांत नाहीत.

भिंगाखाली टाके मोजते:
बोटाच्या एका पेरात अकरा.
काखेत मात्र सहाच, घाईचे,
तिथे कोण बघतंय.
(इथे ती मला पहिल्यांदा आवडली.)

देटलेफ रोवर दफ्तरखान्यातून नाव घेऊन आला.
वोबेके, दोरखंड वळणाऱ्याची बायको.
ती गेल्यावर केलेल्या यादीत
एक तांब्याची कढई, दोन उशा,
‘काळी चोळी एक, जुनी, किंमत नाही’.
हीच ती, म्हणायला पुरावा नाही.
हे देटलेफने दोनदा बजावलं,
आणि मग तोही हिला वोबेकेच म्हणू लागला.

उजव्या कुशीच्या शिवणीत दोन बोटं माया सोडलीय.
त्या मायेत सुईच्या भोकांच्या ओळी:
उसवली, सैल केली, पुन्हा आवळली.
उसवली, सैल केली, पुन्हा आवळली.
आणि आणखी एकदा.

चर्चच्या वहीत बाप्तिस्मे दोन.

त्या दुपारी आम्ही यावर बोललो नाही.
देटलेफने हेरिंगचे काटे
ताटलीच्या कडेला ओळीने लावले.
मी चहा गार होऊ दिला.

संग्रहालयाला हवीय नवी प्रत,
शिंप्याकडून आत्ताच आल्यासारखी.
करारात तसंच आहे.
मी परसात रंग उकळला,
फ्राऊ टिडेमाननी खिडक्या आपटून लावल्या.
लिननचा दोरा मेणातून ओढला.
पेरात अकरा जमले. काखेतले सहा जमेनात,
हाताला घाईच येईना,
शेवटी चुलीवर दूध ठेवलं आणि शिवायला बसले.

मग एका रविवारी, कोणी नसताना,
कूस उसवली.
सैल केली. आवळली.
पुन्हा उसवली.
तिसऱ्या वेळी सुई कापडात अर्धी गेली
आणि बराच वेळ तिथेच राहिली.

आता ती काचेत उभी आहे,
बिनडोक्याच्या पुतळ्यावर, नवीकोरी.
शाळेची मुलं विचारतात, हिला खिसे का नाहीत.
पाटीवर लोकर, लिनन, मायफळ, लोखंड.
अस्तर लावलंय. आतलं काही दिसत नाही.

रंगाने खायला सुरुवात केली असेल.