कान

नान्नाला घोणस ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं यंत्रमागाशेजारी उभा राहिला,
चादरींनी कान नेले.
म्हणून लुनावर मागं मी बसते,
मांडीवर बरणी, हातात बॅटरी.

कुंभारीच्या घरकुलांतून फोन येतात.
विड्यांच्या सुपाखाली, न्हाणीच्या दगडाशी.
मी ऐकते, अन् त्याच्या पाठीवर बोटानं लिहिते:
एक लांब रेघ, म्हणजे घोणस,
कुकरची वाफ सुटत राहावी तशी.
फुरसं अंगावर अंग घासतं, करवतीसारखं,
त्याला नुसतं नख ओढते.
नागाला काही लिहीत नाही,
तो उभा राहून स्वतःच सांगतो.

परवा गोदाव्वा चिलकाच्या घरी
सतरंजीच्या घडीत मण्यार.
काळीभोर, पांढऱ्या जोडरेघा.
नान्ना म्हणाला, डिझाईन सुबक आहे.
उकाड्यानं पोरं फरशीवरच झोपलेली.
ही चावली तर डास वाटतो;
पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात,
तोवर सिव्हिल लांब असतं.

मी कान लावला.
भिंतीपलीकडं तेंदूपान कापणारी कात्री,
कुठंतरी टीव्ही.
मण्यारीचं काहीच नाही.
माझं बोट त्याच्या पाठीवर तसंच राहिलं.

तो वळला, हसला:
"हं. रोज असंच असतं मला."

बरणीचं झाकण लावलं, भोकं मोजली.
गोदाव्वाला बजावलं, पोरांना कॉटवर घे,
मच्छरदाणी गादीखाली खोच.

आमच्याकडं कॉट एकच, आईची.
आम्ही दोघं सतरंजी दोनदा झटकतो
अन् झोपतो.