टीम सात

मालवणच्या पॉलिटेक्निकात, लॅब नंबर तीन.
खिडक्या बंद. उघडल्या तर खारा वारा येतो
आणि तांब्याच्या तारा आठवड्यात हिरव्या पडतात.
आम्ही चौघं: तन्वेश पेडणेकर, फ्लोरिन, मुझम्मिल आणि मी.
टीम एक हेल्मेट करतेय, डुलकी लागली की ओरडणारं.
टीम चार रापणकरांसाठी जॅकेट;
ते परवा टाकीत तरंगलं, काल नाही.
आमच्या कागदावर फक्त चहाच्या ग्लासाचा गोल.

सर म्हणाले, अंगावर घालता आलं पाहिजे,
आणि कुणाला तरी ते खरंच हवं असलं पाहिजे.

तेव्हा मी म्हणाले, माझ्या ओळखीची एक बाई आहे.
वेंगुर्ल्याला कारखान्यात काजू फोडते.
चिकाने तिच्या बोटांच्या रेषा खाल्ल्यात,
हजेरीचं यंत्र तिचा अंगठा ओळखत नाही.
वॉचमन वहीत लिहितो. वही कधी सापडते, कधी नाही,
आणि महिन्यातले दोन-तीन दिवस
ती आलेलीच नसते.
मुझम्मिल म्हणाला, मग मनगट धरू. नाडी कुठे पुसली जाते?

ओळखीची बाई, असं म्हणाले मी.
आई, असं नाही म्हणाले.

छत्रीच्या कापडाचा पट्टा,
फ्लोरिनच्या मावशीने मशीनवर दोनदा टीप मारून दिला.
जुन्या सँडलचं व्हेल्क्रो, नाण्याएवढी बॅटरी,
खाली हिरवा डोळा, कातडीतून रक्त मोजणारा.
बाजूला हालचाल टिपणारी चिप, नखाएवढी.
ती कशाला, ते कुणी ठरवलं नव्हतं.
स्वस्त होती, लावली.

रविवारी सगळे घरी आले.
आईने राखेने हात घासून पुढे केला
आणि विचारलं, "ह्यातला माझ्या चेडवान काय केला?"
तिघांनी माझ्याकडे पाहिलं.
फ्लोरिनने कोपराने मला हळूच ढोसलं, एवढंच.

संमतीच्या कागदावर अंगठा हवा होता.
निळी शाई उठली, गुळगुळीत,
आत एकही रेष नाही,
ओहोळातला गोटा जसा.
मग पडद्यावर आकडे आले. बहात्तर. चौऱ्याहत्तर.
"ह्या माझा?" ती म्हणाली. "इतक्या धावता?"
कुठल्याही यंत्राने तिला
पहिल्यांदाच हो म्हटलं होतं.

मालकाने पट्टा उलटासुलटा करून पाहिला.
चांगलाय, म्हणाला, वीस घेतो.
फक्त एक करा: हात थांबला की मला कळलं पाहिजे.
बाथरूमला किती वेळ, गजालींना किती वेळ.
तन्वेश म्हणाला, सोपं आहे, चार ओळींचा कोड.
खरंच सोपं होतं. चिप तर आधीच होती.

परुळ्यापर्यंत एसटीत कुणी बोललं नाही.
मग तन्वेश, खिडकीबाहेर बघत:
वीस पट्टे म्हणजे चौघांची एक सेमिस्टर फी.
फ्लोरिन म्हणाली, हात भाजला तर थांबणारच ना?
भांडण झालं नाही.
झालं असतं तर बरं.

त्या रात्री लॅबची चावी माझ्याकडे होती.
सोल्डरिंग आयर्न तापायला दोन मिनिटं.
राळेचा धूर, चिमटा, आणि ती चिप
खपली निघावी तशी निघाली.
खाली आठ चंदेरी ठिपके, करपलेला एक कोपरा.
दुसरी चिप कुठेही मिळते, हे मला माहीत होतं.
तरी काढली.

स्पर्धेत परीक्षकांनी भिंग धरलं.
इथे काय होतं?
मी तोंड उघडायच्या आत
तन्वेशच म्हणाला, "काही नाही सर.
डिझाइनमध्ये चूक होती."

उत्तेजनार्थ मिळालं. मालकाचा फोन परत आला नाही.
वॉचमनची वही अजून चालू आहे.
पट्टा आमच्या खुंटीला, बॅटरी संपलेली.
कधीकधी संध्याकाळी आई तो बांधते.
दिवा लागत नाही.
मग तीच दोन बोटं मनगटावर ठेवते
आणि ओठांत मोजत बसते,
सत्तरीत कुठेतरी चुकते,
पुन्हा एकपासून धरते.