मुशीचं तेल

वेंगुर्ल्याच्या बंदरावर बस्त्याव ट्रॉलरची इंजिनं खोलतो.
त्र्याहत्तरच्या बुलेटचं त्यानं आधी मडगार्ड कापलं,
मग टूलबॉक्स, मग मागची सीट,
जिच्यावर बसून बायको सात वर्षं बाजाराला गेली.

"चॉपर म्हंजे छाटणा," तो सांगतो.
कुणा खलाशानं आणलेल्या तेलकट मासिकात
त्यानं पाहिली होती लढाईवरून परतलेली पोरं,
नको ते सगळं कापून
सरळ रस्त्याला लागलेली.

सरळ रस्ता. तो इथं कुठला?
पुढचा फोर्क हातभर लांब.
मठच्या वळणावर उतरून ढकलावी लागते गाडी,
गाभण म्हशीसारखी.
"हेची मान कित्याक इतकी लांब?"
पाटी उतरवता उतरवता रेमेत विचारते.

क्रोमला खारा वारा खातो.
म्हणून रोज तिन्हीसांजेला
होडीला चोपडायचं मुशीचं तेल
तो हँडलला चोळतो,
आणि गाडी निघाली की मागोमाग
बंदरावरची झाडून सगळी मांजरं.

ओहोटीला मात्र
पुळण घट्ट असते तेवढा पाऊण तास
कुठंच वळायचं नसतं.
बायको परसातून ऐकते:
आवाज लांब जातो, आणखी लांब,
खडपापाशी थांबतो.

कापलेली सीट तिनं टाकलेली नाही.
तिच्यावर बसून ती मासळी साफ करते.